कॅमेरा घ्यावा, पण कोणता?

दिवाळी तोंडावर आली आणि हातात चार पैसे खुळखुळू लागले, की माणसाला काहीतरी वस्तू घ्यावीशी वाटते. फटाके जळून जातात, फराळ डब्याच्या तळाला जातो. वस्तू तेवढी मागे राहते, अशी आपण आपलीच समजूत घालतो आणि बाजाराची वाट धरतो. यंदा आमच्या धाराशिवात या घ्यायच्या यादीत एक जुनीच वस्तू नव्याने शिरलेली दिसते. ती म्हणजे खिशात मावेल असा छोटा कॅमेरा. "रोजचे साधे फोटो काढायचे आहेत हो, सर. कोणता घेऊ?" असे आजवर तिघाचौघांनी मला विचारले. मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे का विचारावे, ते देव जाणे! पण प्रश्न कानावर पडला की उत्तर द्यायचेच, ही आम्हा मास्तर मंडळींची जुनी खोड आहे.

अशा वेळी मी आधी उलट विचारतो, "फोटो कशाचे काढणार?"

दहातले नऊ जण सांगतात, "नळदुर्गचे!" उत्तर काही वाईट नाही. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बांधलेला तो पाणीमहाल. पावसाळ्यात त्याच्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. आणि अंगावर पाण्याचा एक थेंब न येता आतल्या सज्जात उभे राहून ते पाणी पाहण्याची मौज! ज्याने हे पाहिले नाही त्याने यंदा पाऊस असताना जरूर पाहावे. पण नळदुर्गचे फोटो हजारोंनी निघाले आहेत आणि पुढेही निघत राहतील. तुम्ही एक काढला नाही म्हणून त्या किल्ल्याचे काही अडणार नाही. तुमच्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेल्या तुमच्या आईचा फोटो मात्र जगात दुसरा कुणी काढणार नाही. छोटा कॅमेरा घ्यायचा तो याच्यासाठी, आणि ही गोष्ट एकदा मनाशी पक्की झाली की तो कोणता घ्यावा हा प्रश्न निम्मा सुटतो.

इंग्रजांनी अशा फोटोला 'स्नॅपशॉट' म्हटले. हा शब्द मूळचा शिकाऱ्यांचा. फारसा नेम न धरता चटकन झाडलेली गोळी, असा त्याचा अर्थ. जॉन हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८६० साली तो फोटोला लावला. आपल्याकडे छायाचित्र झाले, प्रकाशचित्र झाले. या उडत्या फोटोचे बारसे मात्र कुणी केले नाही. कसे करणार? ती चीजच आपल्या घरांत फार उशिरा आली.

अमेरिकेत कोडॅकने १८८८ साली शंभर फोटोंची फिल्म भरलेला कॅमेरा विकायला काढला. शंभर फोटो झाले की सगळा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिकडून फोटो छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. किंमत पंचवीस डॉलर होती. पुढे १९०० साली त्याच कंपनीचा 'ब्राउनी' आला, तो एका डॉलरला! पोराटोरांच्या हातात कॅमेरा गेला तो तेव्हा. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला असा कॅमेरा लाभला तो साठ-सत्तर वर्षांनी, 'आग्फा क्लिक थ्री' या नावाने. बडोद्याहून निघणारा तो काळा डबा अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर असेल. त्यात एका फिल्मवर बारा फोटो निघत. बारा! म्हणजे एक लग्न, एक मुंज, एक जावळ आणि उरलेल्या दोन फोटोंत तुळजापूरची यात्रा. बटण दाबले की पैसे जात, म्हणून बटण दाबण्याआधी सगळ्यांना उभे करायचे, ठेवणीतले कपडे घालायला लावायचे, हलू नका म्हणून बजावायचे. आपले जुने आल्बम उघडून पाहा. सगळी माणसे 'सावधान'मध्ये उभी आहेत. घरातले कोणी काही करीत असलेले दिसत नाही. जेवत नाही, झोपत नाही, भांडत नाही, दळण निवडीत नाही. परक्याने हे आल्बम पाहिले तर त्याला वाटावे की ही माणसे आयुष्यभर फक्त लग्नेच करीत होती.

पुढे १९८० नंतर 'हॉट शॉट' आला आणि त्याचा तो 'खटॅक' आवाज रेडिओ-टीव्हीवरून घरोघर पोचला. त्याच्या फिल्मचे चित्र अवघे तेरा बाय सतरा मिलिमीटरचे. मोठा फोटो काढला की माणसाच्या तोंडावर रवा पसरल्यासारखा दिसे. नव्वदीत कोडॅकचा 'केबी टेन' आला. छत्तीस फोटोंचा रोल त्यात बसे, पण सवय जुनीच राहिली. रोल संपेपर्यंत दसरा जाई, दिवाळी जाई, आणि धुऊन आणल्यावर पहिल्या फोटोतले मूल शेवटच्या फोटोत चालू लागलेले असे.

ही काटकसर किती महागात पडली, हे आमच्या जिल्ह्याला ३० सप्टेंबर १९९३ रोजी कळले. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटे कमी असताना जमीन हादरली. भूकंपाला नाव किल्लारीचे मिळाले आणि किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण आजच्या उमरगा-लोहारा तालुक्यांतली सास्तूरसारखी आमची गावेही त्याने पाडली. मातीत रचलेल्या हात-दीड हात रुंद दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ज्या घरांत गारवा असे तीच घरे माणसांवर आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्यानंतर तिथे कॅमेरे आले. देशातले आले, परदेशांतले आले. ढिगाऱ्यांचे फोटो निघाले, चितांचे निघाले, ते जगभर छापून आले. आणि ते यायलाच हवे होते, कारण मदत त्यांच्या मागोमाग आली. पण २९ तारखेपर्यंत ते गाव कसे दिसत होते, वेशीपासून पारापर्यंतची गल्ली कशी वळत होती, हे पाहायचे झाले तर पंचाईत होते. ज्या घरांत लग्नाचा एखादा फोटो होता, त्यांतल्या कित्येकांचा तो फोटोही मातीखाली गेला.

त्या भागातल्या एका विद्यार्थ्याच्या घरी मी असा एक वाचलेला फोटो पाहिला. त्याच्या आत्याच्या लग्नातला. काढणाऱ्याचा हात हलला असावा, कारण नवरानवरी एका कडेला सरकली होती आणि निम्म्या फोटोत नुसती भिंत आली होती. फोटोग्राफीच्या पुस्तकाप्रमाणे तो फोटो नापास. मुलाची आजी तो रोज काढून पाहते असे कळले. मला वाटले, लेकीसाठी पाहत असेल. म्हातारीने बोट ठेवले ते भिंतीवर.

"ही बघा आमची देवळी, गुर्जी. हितं चिमणी असायची. अन् ह्या खुंटीला मालक पटका अडकवायचे."

मालक त्या पहाटेच गेलेले. त्यांचा स्वतःचा फोटो घरात नव्हता. खुंटी तेवढी होती.

तेव्हापासून कुणी कॅमेऱ्याविषयी विचारले की माझे पहिले म्हणणे हे असते की ज्यात माणसामागची भिंत येईल असा कॅमेरा घ्या. हे ऐकून समोरचा गोंधळतो. त्याला दुकानदाराने 'झूम' दाखवलेले असते. तीसपट झूम, पन्नासपट झूम! पाखराच्या डोळ्यात काय आहे ते दिसते! अहो, पण आपल्याला पाखराशी काय करायचे आहे? आपले घर दहा बाय बाराचे. तिथे माणूस तीन हातांवर असतो आणि झूम असून नसून सारखे. तिथे लागते ती रुंद नजरेची काच. अठ्ठावीस किंवा पस्तीस मिलिमीटर असा आकडा जिच्यावर सांगितला जातो ती. अठ्ठावीसच्या काचेत आजी येते, तिचा पाट येतो, मागची मांडणी येते, मांडणीवरचे पितळेचे डबे येतात आणि दारातून डोकावणारे शेजारचे पोरही येते. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे जे संग्रहालय आहे, त्यातल्या कपाटांतून काय आहे? दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर नगरीतली भांडी, मणी, मातीची चित्रे. ज्यांनी ती वापरली त्यांना ती कपाटात ठेवण्याच्या लायकीची खास वाटली नसणार.

दुसरी गोष्ट उजेडाची. मराठवाड्यातले घर ऊन बाहेर ठेवण्यासाठी बांधलेले असते. खिडक्या बेताच्या, आत अंधार. स्वयंपाकघरात तर दिवसाही दिवा लागतो. आता कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो, तो स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. त्याच्या वरच्या प्रतीचा तो 'एक इंची' म्हणवला जातो, पण मापून पाहिला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. इंच त्यात कुठेच नाही! बाजाराची मापे अशीच असतात. तरी त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट झाले. पागोळ्यांखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाऊस तोच, पण पाणी कशात जास्त जमेल? उजेडाचेही तसेच आहे. परात मोठी असेल तर चुलीच्या उजेडात आईचा चेहरा निघतो. वाटी असेल तर फ्लॅश उडवावा लागतो, आणि फ्लॅश उडाला की आई डोळे मिटते, भिंत पांढरीफटक होते आणि चुलीचा उजेड कुठल्या कुठे जातो. सोनीचा 'आरएक्स हंड्रेड' २०१२ साली याच एक इंची सेन्सरवर नावाजला गेला. वजन अवघे २४० ग्रॅम. रिकोचा 'जीआर थ्री' हा २०१९चा कॅमेरा तर त्याच्या पुढे गेला. मोठ्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्याने खिशात आणला, काच अठ्ठावीसचीच ठेवली, झूम दिले नाही आणि फ्लॅशही दिला नाही. माझ्या मते खिशातला कॅमेरा असावा तर असा. नवा घ्यायचा म्हणजे मात्र आठ-दहा उस्मानाबादी शेळ्या विकाव्या लागतील. ते ज्याने त्याने आपापल्या घरी विचारून ठरवावे.

मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये. नेहमीचा चार बाय सहा इंची फोटो उत्तम छापायला बावीस लाख ठिपके पुरतात. एक कोटी वीस लाखांत, म्हणजे ज्याला बारा मेगापिक्सेल म्हणतात त्यात, तेरा बाय दहा इंचांचा फोटो भिंतीवर लावण्याजोगा निघतो. याहून मोठी भिंत आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

शेळीचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट सांगतो. आमची उस्मानाबादी शेळी काळीकुळकुळीत असते. तिचा फोटो काढा, ती राखाडी निघते. शेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरातले आजोबा उभे करा आणि त्यांचा एकट्याचा काढा, धोतर मळके निघते. कारण असे की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा कारकून मोठा समदर्शी आहे. समोर जे येईल ते मध्यम करडे आहे असे धरूनच तो हिशेब करतो. त्याला आपण सांगावे लागते की बाबा, ही शेळी काळीच आहे, उजेड कमी कर. हे धोतर पांढरेच आहे, उजेड वाढव. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेली एक चकती किंवा बटण असते. ते अंगठ्याखाली चटकन येते की दहा पडदे उघडून शोधावे लागते, एवढे दुकानात उभ्याउभ्या पाहून घ्यावे. कॅमेरा खिशातून काढल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो तेही तिथेच मोजावे. मनातल्या मनात 'एक, दोन, तीन' म्हणावे. तीन म्हणण्याआधी फोटो निघाला तर ठीक. नाहीतर नात दुडूदुडू चालायची ती पडून रडायला लागलेली असते.

आणखी दोन वैरी इथलेच आहेत, ऊन आणि धूळ. चैत्र-वैशाखात दुपारी बारा वाजता पाठीमागच्या पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. डोळा लावून पाहायची छोटी खिडकी ज्याला असेल तो कॅमेरा अशा वेळी देवासारखा वाटतो. माझ्या आवडत्या रिकोला ही खिडकी नाही, हे इथे सांगितले पाहिजे. धुळीचे तर विचारूच नका. या कॅमेऱ्यांची नळी आतबाहेर होते आणि दर खेपेला थोडी धूळ आत ओढून घेते; एक दिवस प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी काळा ठिपका दिसू लागतो. म्हणून कॅमेरा नुसता सदऱ्याच्या खिशात टाकू नये. जुन्या सुती लुगड्याची एक पिशवी शिवून घ्यावी. बाजारातल्या पिशवीपेक्षा ती मऊ असते.

"हे सगळे खरे, पण मोबाइल आहे की!" असे आतापर्यंत वाचकांपैकी निम्म्यांनी मनात म्हटले असेल. तुमचे बरोबर आहे, आणि जगानेही तुमच्यासारखेच ठरवले. जपानच्या कंपन्यांनी २०१० साली सगळे मिळून बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२३ साली ते ऐंशी लाखही भरले नाहीत. २०२० सालच्या जानेवारीत इथे त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, तेव्हा लेखकांभोवती जी गर्दी जमत होती ती सह्यांसाठी कमी आणि मोबाइल पुढे करण्यासाठी जास्त होती. मोबाइलचा फोटो आता चांगलाच निघतो. माझी तक्रार वेगळीच आहे. आईचा फोटो काढायला तो बाहेर काढावा, तेवढ्यात त्यात कुणाचा तरी निरोप येतो. आपण निरोप वाचतो आणि आईचे तांदूळ निवडून होतात. दुसरे असे की पुष्कळ मोबाइल न विचारता चेहऱ्यावर इस्त्री फिरवतात. सत्तर वर्षे उन्हात रापलेली माझी मावशी त्यात पिठाच्या बाहुलीसारखी दिसते. ही इस्त्री बंद करण्याची सोय बहुधा असते. ती शोधून बंद करावी. एवढे करून ज्याचे काम मोबाइलवर भागते आहे त्याने कॅमेरा मुळीच घेऊ नये. ते पैसे फोटो छापण्यात घालावेत.

ज्याला घ्यायचाच आहे पण शेळ्या विकायच्या नाहीत, त्याने आधी घरातले कपाट पाहावे. पंधरा-वीस वर्षांमागे हौसेने घेतलेला आणि मोबाइल आल्यावर लग्नाच्या शालूखाली गेलेला एखादा छोटा डिजिटल कॅमेरा तिथे निघण्याचा संभव आहे. कॉलेजातली मुले हल्ली असलेच कॅमेरे शोधत हिंडतात. त्यांतल्या रंगांना काही जुनी गोडी आहे म्हणतात. बॅटरी नवी घालावी लागेल. कार्ड घालताना एवढे पाहावे की २००६ पूर्वीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना दोन जीबीहून मोठे कार्ड ओळखताच येत नाही. मग लोक कॅमेरा बिघडला म्हणून भंगारात देतात. जुना विकत घ्यायचा झाला तर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून पाहावा. ठिपके असले तर भिंतीवर लगेच दिसतात.

आता कॅमेरा हातात आला, पण फोटो काढू देणार कोण? आमच्याकडची बाई कॅमेरा दिसला की म्हणते, "थांब की रं, पदर तर नीट घेऊ दे." पदर घेतला की ती ताठ उभी राहते आणि आल्बममधल्या सगळ्यांसारखी 'सावधान' होते. यावर माझा उपाय साधा आहे. तो ताठ फोटो आधी काढून घ्यावा, तिला दाखवावा, "छान आला, काकू" म्हणावे. तिचे समाधान होते आणि ती पुन्हा कामाला लागते. मग विचारावे, "आता भाकरी थापताना एक काढू का?" ती हसते, "काढ बाबा, त्यात काय बघायचं!" म्हणते आणि थापत राहते. हा दुसरा फोटो आपला. नाही म्हणाली तर कॅमेरा खिशात घालावा. चोरून काढू नये. भाकरी खायला पुन्हा त्याच घरी जायचे असते.

राहता राहिले छापणे. हजार फोटो कार्डात आणि एकही हातात नाही, अशी आज घरोघरची स्थिती आहे. मोबाइल पाण्यात पडतो, कार्ड रुसते, संकेतशब्द विसरतो. दर दिवाळीला वर्षातले पंचवीस फोटो निवडून गावातल्या स्टुडिओत छापून घ्यावेत. निवडताना एकीकडे सरकलेले, भिंत जास्त आलेले फोटो लगेच बाद करू नयेत. मागच्या बाजूला शाईऐवजी मऊ शिसपेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे. 'आई' एवढेच लिहून भागत नाही. तुमच्या नातवाला कुणाची आई ते कळणार नाही. चिकट पानांचे आल्बम टाळावेत, ते फोटो गिळतात. कोपऱ्यांत अडकवायचे बरे. आणि प्रत्येकाची एक जादा प्रत काढून पुण्याला किंवा सोलापूरला असलेल्या भावाच्या घरी ठेवायला द्यावी. दिवाळीला तो येतोच, त्याच्या पिशवीत चकलीच्या डब्याखाली घालावी.